सांगितल्यानंतरचं वाक्य

माझी मावशी कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "तू घरातनंच काम करतोस न्हवं? मग शुक्रवारी तासभर ये शाळेत. पोरांना एक पिक्चर दाखवायचाय आणि त्या प्रोजेक्टरचं मला काय जमत न्हाई." घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की टीव्हीच्या रिमोटपासून बँकेच्या ओटीपीपर्यंत सगळं त्याचंच काम असतं. मी गेलो. प्रोजेक्टर पाच मिनिटांत सुरू झाला, स्पीकरची वायर मात्र शेवटपर्यंत हातात धरून बसावं लागलं. त्यामुळे तिसरी-चौथीच्या साठेक मुलांबरोबर, जमिनीवर मांडी घालून, मी तो सगळा चित्रपट पाहिला.

चित्रपटाचं नाव 'कोमल'. चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनसाठी बनवलेला हा जेमतेम दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविषयी मुलांशीच बोलणारा. त्याला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अनेक भारतीय भाषांत आला, आणि आज देशातल्या असंख्य शाळांमध्ये या विषयावरचा 'कार्यक्रम' म्हणजे हा चित्रपट आणि त्यानंतर एक छोटं भाषण. एवढी मोठी मुलं ज्या कलाकृतीकडून आपल्या शरीराबद्दलचा पहिला गंभीर धडा घेतात, तिच्याबद्दल मराठीत कुणी समीक्षा म्हणून लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आपण कादंबऱ्यांवर लिहितो, सिनेमांवर लिहितो. शाळेत दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितीला 'उपयुक्त' म्हणतो आणि पुढे जातो. त्यामुळे हा लेख.

कोमल आणि बक्षी अंकल

गोष्ट साधी आहे. कोमल ही हसती-खेळती शाळकरी मुलगी. शेजारी बक्षी नावाचे गृहस्थ राहायला येतात. वडिलांच्या ओळखीचे, बोलके, मुलांमध्ये रमणारे. कोमलशी त्यांची गट्टी जमते. मग एक दिवस ते तिच्याशी नको तसं वागतात. कोमल गप्प होते. शाळेत चाइल्डलाइनची दीदी येते, शरीराचे कोणते भाग खाजगी, कुणी कधी हात लावलेला चालतो आणि कधी नाही, हे सांगते. नको म्हणायचं, तिथून पळायचं, विश्वासाच्या माणसाला सांगायचं. कोमल सांगते. तिच्यावर विश्वास ठेवला जातो. बक्षींना पोलीस घेऊन जातात.

या गोष्टीतली सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे बक्षी अंकल. ते दिसायला भयंकर नाहीत. त्यांना वाकडं नाक, लाल डोळे वगैरे काही दिलेलं नाही. साठ मुलांना ते पहिल्या दोन मिनिटांत आवडले होते, हे मी वर्गात बसून पाहिलं. हे धाडस किती मोठं आहे ते कळायला कोल्हापूरच्या माझ्या पिढीचं बालपण आठवावं लागतं.

मी १९९७ सालचा. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी गावित मायलेकींना अटक झाली होती. मुलं पळवून, त्यांचा चोऱ्यांसाठी वापर करून त्यांना मारून टाकणाऱ्या त्या बायका. खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. आई खटला सुरू होण्याआधीच वारली. दोन्ही बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली आणि ती जन्मठेपेत बदलली २०२२ मध्ये. म्हणजे माझं सगळं बालपण आणि शिक्षण त्या खटल्याच्या सावलीत गेलं. जत्रेत, एसटी स्टँडवर, महाद्वार रोडच्या गर्दीत आमचा हात इतका घट्ट धरला जायचा की मनगट दुखायचं. अनोळखी बाईने दिलेलं चॉकलेट खायचं नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. ती भीती खोटी नव्हती. पण तिने आमच्या घरांच्या मनात धोक्याचं एक चित्र पक्कं केलं: धोका बाहेरून येतो, अनोळखी असतो, आणि मुलाला पळवून नेतो. घरी येऊन चहा पिणारा, वडिलांना नावाने हाक मारणारा, मुलाला रोज शिकवणारा माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे मात्र वर्षानुवर्षं सांगतात की पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. 'कोमल' हा आकडा न सांगता त्याची गोष्ट सांगतो. अत्याचाराच्या प्रसंगापाशी रेंगाळत नाही, मुलांना घाबरवत नाही. एवढं केलं तरी दहा मिनिटांचं चीज झालं असं म्हणता येईल.

मावशी जिथे अडली

आम्ही दाखवलेली प्रत हिंदी होती. मुलांना हिंदी कळतं, पण मावशी म्हणाली, महत्त्वाच्या जागी मी थांबवून मराठीत सांगते. तिने 'पॉज' म्हटलं की मी थांबवायचं. दोनदा सुरळीत झालं. तिसऱ्यांदा, दीदी खाजगी भाग दाखवते तिथे, मावशी म्हणाली, "पॉज. तर मुलांनो, आपली छाती, आणि आपली... आपली शूची जागा..." मागच्या बाकाशेजारून हसण्याची एक लाट आली. मावशी लाल झाली. "हसायचं काय त्यात?" आणि मग मला, "लाव रे पुढे."

तीस वर्षं शिकवणारी, गणितात हातखंडा असलेली ही बाई. तिला शब्द सापडला नाही, कारण तो तिच्याकडे नाहीच. आपल्याकडे या अवयवांसाठी तीन प्रकारचे शब्द आहेत: शिव्यांमधले, संस्कृत पाठ्यपुस्तकातले आणि बाळबोलीतले. पहिले वर्गात उच्चारता येत नाहीत, दुसरे मुलांना कळत नाहीत, आणि तिसऱ्यांना आठ-नऊ वर्षांची मुलं हसतात. म्हणून मग 'गुड टच, बॅड टच'. मराठी शाळेतल्या भिंतींवर देवनागरीत रंगवलेलं हे इंग्रजी मला नेहमी चमत्कारिक वाटतं. ज्या गोष्टीबद्दल मुलाने निःसंकोच बोलावं असं आपल्याला वाटतं, ती त्याला आपण परक्या भाषेत शिकवतो.

आणि त्या जोडीतही घोळ आहे. इंजेक्शन दुखतं, मग ते बॅड टच का? आवडत्या काकांच्या गुदगुल्या छान वाटतात, मग त्या गुड का? अत्याचार करणारा माणूस पुष्कळदा आधी माया लावतो, खाऊ देतो, गुपित ठेवायला शिकवतो. त्याचा स्पर्श सुरुवातीला वाईट वाटतही नाही. ज्या मुलाला तो वाईट वाटला नाही, ते मूल पुढे 'मलाच आवडलं होतं' म्हणून स्वतःला दोषी धरतं. म्हणून या क्षेत्रातले बरेच लोक आता सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श असं म्हणतात. शिवाय हल्ली स्पर्श लागतोच कुठे? मोबाइलवर एखादं चित्र दाखवणं, व्हिडिओ कॉलवर काहीतरी करायला लावणं, हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात कुणी कुणाला हात लावलेला नसतो. दिवसभर ज्या प्रकारची ॲप्स बनवण्यात माझ्यासारख्यांचं आयुष्य जातं, त्यांच्यातून हे घडतं. 'कोमल'च्या जगात फोन आहे तो १०९८ ला मदत मागण्यापुरता.

स्पर्श म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मोठ्यांनाही सोडवता आलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, पेरू देतो म्हणून बोलावलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखालच्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही असा निकाल दिला. त्वचेला त्वचेचा स्पर्श व्हायला हवा म्हणे. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: हेतू पाहायचा, कापड नाही. जे कळायला एका राज्याच्या न्यायव्यवस्थेला दिल्लीपर्यंत जावं लागलं, ते तिसरीतल्या मुलाला आपण दोन इंग्रजी शब्दांत समजलं असं धरून चालतो.

शब्दांचा हा दुष्काळ नैसर्गिक नाही, तो आपण पाडलेला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि शरीराबद्दल स्वच्छ मराठीत बोलता येतं हे महिन्यामहिन्याला दाखवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. पुढे २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो कार्यक्रम बंद केला. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती दिली होती. त्या तेरा राज्यांत महाराष्ट्रही होता. एका हातात हा अहवाल असताना दुसऱ्या हाताने आपण पुस्तक बंद केलं. आज माझ्या मावशीला वर्गात शब्द सापडत नाही, त्याचा माग काढत गेलं तर तिथे पोचतो.

हा केवळ भाषाप्रेमाचा मुद्दा नाही. पोक्सोच्या २६ व्या कलमानुसार मुलाचा जबाब ते मूल जसं बोलेल तसाच लिहून घ्यायचा असतो. ज्या मुलाकडे शब्दच नाही, त्याने काय बोलायचं आणि लिहिणाऱ्याने काय लिहायचं?

कोमल मुलगी आहे

चित्रपटाची नायिका मुलगी आहे, यात चूक काही नाही. पण हा एकच चित्रपट दाखवला जात असेल तर फरक पडतो. मावशीच्या वर्गात बक्षी अंकलना पोलिसांनी नेल्यावर एक पोरगा शेजारच्याला म्हणाला, "हे पोरींचं असतंय." त्याला कुणी खोडलं नाही. मीही नाही.

वरच्या अभ्यासात ज्या मुलांनी अत्याचाराची माहिती दिली, त्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला 'मूल' म्हणतो, मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण त्या कायद्याच्या आधारे आपण ज्या व्यवस्था उभ्या करतो त्यांची नावं पाहा. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळाशाळांत समित्या नेमायला सांगितल्या, त्यांचं नाव 'सखी सावित्री'. नाव सुंदर आहे. पण चौथीतला जो पोरगा 'हे पोरींचं असतंय' म्हणतो, तो या नावाच्या पाटीखालचं दार ठोठावेल का? कोड लिहिताना आम्ही व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं तर प्रोग्रॅम चालतो, पण सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्यावरून चुकीचा अर्थ काढतो. इथेही तसंच होतं.

मला हे तीव्रतेने वाटतं त्याला कारण आहे. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या पेठेतल्या एका सरांकडे शिकवणीला जायचो. त्यांचं वागणं बरोबर नव्हतं. एवढंच इथे लिहितो. काही आठवड्यांनी मी आईला सांगितलं. काय सांगितलं ते आज आठवत नाही, बहुधा 'मला तिथे जायचं नाही' आणि वर एखादं अर्धवट वाक्य. आई भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे बघितलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "उद्यापासनं जायाचं न्हाई तिकडं." झालं. पुढे त्यावर आमच्या घरात एक अक्षर बोललं गेलं नाही. बरीच वर्षं मी समजत होतो की आईला काही कळलंच नाही, अभ्यासाचा कंटाळा म्हणून तिने शिकवणी बंद केली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता हे मला कळलं वयाच्या पंचविशीत, आणि तेही माझं मीच जुळवून.

आई म्हणली गप्प बस, तर?

चित्रपट संपल्यावर मावशीने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" पुढच्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, आईला सांगितलं आणि आई म्हणली गप्प बस, तर?"

मावशी थांबली. मग म्हणाली, "मग मला सांगायचं."

मुलं गेल्यावर आम्ही वायरी गुंडाळत होतो. मावशी म्हणाली, "म्हटलं खरं मी. पण उद्या एखादी खरंच आली, तर मी काय करणार आहे रे?"

'कोमल'चं मोठेपण आणि मर्यादा, दोन्ही मला या दोन प्रश्नांच्या मध्ये दिसतात. चित्रपटात कोमल सांगते आणि मोठी माणसं तिचं ऐकतात. कुणी 'बक्षी तसे नाहीत' म्हणत नाही, 'तू तिथे गेलीसच कशाला' म्हणत नाही. मुलांसाठीच्या चित्रपटात हे असंच हवं. सांगितलं की ऐकलं जातं, हा भरवसा दिल्याशिवाय कुठलं मूल तोंड उघडेल? पण हा भरवसा देताना चित्रपट मोठ्यांना मोकळं सोडतो. वडिलांच्या मनात काय झालं असेल? घरात आणलेला माणूस त्यांच्याच ओळखीचा होता. आईने पहिलं वाक्य काय उच्चारलं, पोलिसांत जायचं कुणी ठरवलं, शेजारी काय बोलले? सांगणं आणि अटक यांच्यामधला हा सगळा प्रदेश चित्रपट काही क्षणांत ओलांडतो. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही 'हॅपी पाथ' म्हणतो: वापरणाऱ्याने सगळं बरोबर केलं, नेटवर्क चालू होतं, सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं. तेवढंच तपासून सोडलेलं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी कोसळतं.

तसंच कोसळणं आपण बदलापुरात पाहिलं. ऑगस्ट २०२४. शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुली, शाळेतला सफाई कर्मचारी. त्या मुलींनी त्यांचं काम केलं: त्यांच्या परीने घरी सांगितलं. घरच्यांनीही ऐकलं. त्यानंतरच्या मोठ्यांचं काय? गुन्हा नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावं लागलं. माहिती असूनही कळवलं नाही म्हणून शाळा चालवणाऱ्यांवर पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि अनेकांच्या लेखी गोष्ट संपली. 'कोमल'मध्ये बक्षींना पोलीस नेतात तेव्हा वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मुलांचं ठीक आहे, ती आठ-नऊ वर्षांची होती.

बदलापूरनंतर शासनाने आदेश काढले. सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, समित्या नेमा. यातलं काहीच चूक नाही. पण चार वर्षांचं मूल तक्रारपेटीत काय टाकणार? त्याला लिहिताच येत नाही. आणि ज्याला लिहिता येतं, त्याला शब्द माहीत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पोक्सोचं १९ वं कलम सांगतं की असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या कुणीही ती पोलिसांना द्यायलाच हवी. २१ वं कलम ती न देणाऱ्याला शिक्षा सांगतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, साध्या कपड्यातल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एवढंच; अर्ध्या पानात मावेल. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि २१ व्या कलमातच एक छोटं पोटकलम आहे, जे मी या लेखाच्या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचलं: माहिती दिली नाही म्हणून होणारी ही शिक्षा मुलाला लागू होत नाही. सांगण्याची सक्ती कायद्याने मोठ्यांवर ठेवली आणि मुलाला तीतून स्पष्ट शब्दांत सोडवलं. आपले शाळेतले कार्यक्रम नेमके उलट चालतात. नको म्हण, ओरड, पळ, सांग: चारही क्रियापदं मुलासाठी. मोठ्यांसाठी एकही नाही.

याच्या शेजारी 'सत्यमेव जयते'चा १३ मे २०१२ चा भाग ठेवून पाहावा. त्याच महिन्यात संसदेने पोक्सो मंजूर केला, तो लागू झाला १४ नोव्हेंबरला. त्या भागाच्या शेवटी आमिर खानने मुलांची घेतलेली कार्यशाळा सगळ्यांना आठवते. शाळांत तेवढाच तुकडा दाखवतात. पण त्याआधी हरीश अय्यर बोलला होता, आणि त्याची आईही. लहानपणी मुलगा सांगू पाहत होता ते आपल्यापर्यंत पोचलं नाही, हे एका आईने देशासमोर मान्य करणं, हा माझ्या मते त्या भागाचा गाभा होता. मुलांच्या कार्यशाळेपेक्षा मोठ्यांना त्याची गरज जास्त होती. शाळेत दाखवण्यासाठी तुकडा कापताना आपण नेमका तो भाग वगळला.

एक रुपया दंड

कोल्हापूरकर म्हणून मला इथे शाहू महाराजांचा कायदा आठवतो. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत आलं नाही तर महिना एक रुपया दंड, आणि तो पालकाला. मुलाला शाळा आवडत नाही, मूल गुरं राखायला जातं, मूल ऐकत नाही, यातली कुठलीही सबब दरबाराने मुलाच्या माथी मारली नाही. मुलाच्या हिताची जबाबदारी कुणावर टाकायची, हे त्या एका रुपयात स्पष्ट होतं. शंभर वर्षांनंतर त्याच गावात आपण आठ वर्षांच्या मुलीला शिकवतो की तुझं रक्षण तुझ्या ओरडण्यावर अवलंबून आहे.

याचा अर्थ 'कोमल' दाखवू नये असा नाही. तो दाखवावाच, आणि शक्यतो मराठीतून, शब्द न गिळता. माझी तक्रार आहे ती त्याच्या एकटेपणाबद्दल. त्याला जोडीला दुसरा चित्रपट हवा, ज्याचा प्रेक्षक मोठा माणूस असेल. त्यात मूल पहिल्या मिनिटाला अर्धवट काहीतरी सांगेल आणि उरलेली नऊ मिनिटं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा राहील. त्याने 'नक्की ना?' विचारलं तर काय होतं, बायकोने 'भाऊ आहे तो माझा' म्हटलं तर काय होतं, मुख्याध्यापक 'शाळेचं नाव' म्हणाले तर काय होतं. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत सरकारने वयानुरूप शैक्षणिक साहित्य तयार करावं असं म्हटलेलं आहे. ते वय आठ असू शकतं, तसं अडतीसही असावं.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी आईला विचारलं. एकोणीस वर्षांनी, पहिल्यांदा. ती मेथी निवडत होती. "त्या शिकवणीचं तुला आठवतं का गं?"

"आठवतंय की. म्हणून तर बंद केलं, न्हवं का?"

"मग दुसऱ्या पोरांच्या आयांना सांगितलं नाहीस?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगायचं काय म्हणून? त्याला शब्द काय हाय?"

त्या शिकवणीला माझ्यानंतरही मुलं जात होती. आमच्या गल्लीतली दोन तर मला ठाऊक आहेत. आईच्या त्या एका वाक्याने मी सुटलो, ती सुटली की नाही मला माहीत नाही. त्यांना विचारायचं धाडस अजून माझ्यात नाही. या बाबतीत मी आईपेक्षा पुढे गेलोय असं मला म्हणता येत नाही.

मावशीने दिवाळीआधीच्या पालकसभेत 'कोमल' पुन्हा लावला. मुलांना त्या दिवशी सुट्टी होती. स्पीकरची वायर धरायला मीच होतो. साठ मुलांच्या घरांतून एकोणीस जण आले, त्यांत बाप चार. बक्षींना पोलीस घेऊन गेले तिथे मावशीने मला थांबवायला सांगितलं आणि फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: 'तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.' मग म्हणाली, "हे म्हणून बघायचं. मोठ्यानं." पहिल्यांदा कुणीच म्हणालं नाही. दोघी-तिघी पदर तोंडाशी धरून हसल्या, मागे मुलं हसली होती तशाच. दुसऱ्यांदा चार-पाच आवाज आले. खिडकीशी उभा असलेला एक बाप ओठातल्या ओठात ते म्हणत होता, आणि फळ्याकडे न बघता.